चिकन पॉट पाय: झाकण पोरांचं, सारण मोठ्यांचं

चिकन पॉट पाय करायला पोरांना हाताशी घ्यायचं असेल तर आधी वाटणी करून टाकावी. झाकण पोरांचं, आतलं सगळं मोठ्यांचं. झाकणावर डोळे काढा, नावं लिहा, तुरेवाला कोंबडा बसवा, पायचं काही बिघडत नाही. पण बटर गार नसेल, सारण पातळ राहिलं असेल किंवा ओव्हन पुरता तापलेला नसेल, तर त्या देखण्या कोंबड्याखाली मैद्याचा लगदा निघतो. तेव्हा या तीन गोष्टींत लाड चालत नाहीत, बाकी हवा तेवढा दंगा घाला.

ज्यांनी हा पदार्थ खाल्लेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोंबडीचे तुकडे, गाजर, मटार, बटाटा, दाटसर पांढरा सॉस, आणि या सगळ्यावर बटरच्या पापुद्र्यांचं भाजलेलं झाकण. मूळ घराणं इंग्लंडमधल्या मांसाच्या पायचं. तिथून तो वसाहतींबरोबर अमेरिकेत गेला आणि तिथलाच होऊन बसला. थँक्सगिव्हिंगला उरलेली टर्की दुसऱ्या दिवशी बऱ्याच घरांत यातच जिरते. १९५१ साली अमेरिकेतल्या ओमाहा शहराच्या स्वॉन्सन कंपनीने तो फ्रोझन करून विकायला काढला, तेव्हापासून डब्यातला पाय आणि घरचा पाय असा भेद सुरू झाला. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या लोकांचा ‘बॉट बॉय’ मात्र निराळा. त्याला झाकणही नसतं आणि ओव्हनही लागत नाही. लाटलेल्या पिठाचे चौकोन कोंबडीच्या रश्श्यात उकळतात, म्हणजे आपल्या चकोल्यांची सख्खी बहीणच. आपण इथे झाकणवाला करतोय.

पायशी खेळायची खोड जुनीच आहे. युरोपातल्या बड्या मेजवान्यांत आधी रिकामी पारी भाजून घेत, मग खालून भोक पाडून आत जिवंत पक्षी सोडत. पाहुण्यांसमोर झाकण उघडलं की पक्षी भुर्रकन उडत. सोळाव्या शतकातल्या एका इटालियन पाकपुस्तकात याची चक्क कृती दिलेली आहे. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणीतले कामगार पास्टी, म्हणजे करंजीसारखा दुमडलेला मांसाचा पाय, न्यायचे, तिच्या कोपऱ्यावर घरून नावाची आद्याक्षरं टाकून यायची, अर्धी खाऊन ठेवली तरी कुणाची ते कळावं म्हणून. ही दुसरी युक्ती आपण पुढे उचलणार आहोत. पक्ष्यांची नाही.

आधी सामानाची जुळवाजुळव

खालचं माप २३ सेंटिमीटर रुंद आणि साधारण ५ सेंटिमीटर खोल भांड्याचं आहे. सहा जणांचं पोट भरतं.

सारणाला हाडासकट ९०० ग्रॅम लेगपीस घ्या. ब्रेस्ट घेऊ नका. कोंबडी इथे दोनदा शिजते आणि ब्रेस्ट दुसऱ्या खेपेला चोथा होतो. दोन मध्यम गाजरं, एक मोठा बटाटा, एक मोठा कांदा, वाटीभर मटार, मिळाला तर सेलरीचा एक दांडा, नाही मिळाला तर पातीच्या कांद्याचे पांढरे भाग. सॉससाठी ६० ग्रॅम बटर, ६० ग्रॅम मैदा, ५०० मिलिलिटर स्टॉक (कोंबडी शिजवलेलं गाळीव पाणी) आणि १०० मिलिलिटर दूध किंवा फ्रेश क्रीम. चवीला मिरी, मोहरीची पेस्ट एक चमचा, किसलेलं जायफळ चिमूटभर आणि थाईम. थाईम घरात नसेल तर पाव चमचा ओवा हातावर चुरडून घाला. दोघांच्या वासामागे थायमॉल हेच द्रव्य असतं, त्यामुळे हा बदल ओढूनताणून केलेला वाटत नाही. फक्त ओवा जहाल असतो, हात आखडता ठेवा.

झाकणाला २०० ग्रॅम मैदा, १३० ग्रॅम गार बटर, ६० ते ७० मिलिलिटर बर्फाचं पाणी, एक चमचा व्हिनेगर. बाजारात सर्रास मिळणारं पिवळं बटर मिठाचं असतं, ते वापरत असाल तर पिठात वेगळं मीठ नको. वरून फासायला एक अंडं.

खालीही पारी हवी असेल तर मैदा ३५० ग्रॅम, बटर २३० ग्रॅम आणि पाणी ११० मिलिलिटरच्या आसपास लागेल. खालून पारी नसेल तर तो पायच नव्हे, असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तरी पहिल्यांदा करताना, त्यातही घरगुती ओटीजीमध्ये (छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये), नुसतं झाकणच करा. खालची पारी कच्ची राहण्याची भीती जाते आणि पोरांना जे हवं ते वरच असतं.

आदल्या संध्याकाळी: कोंबडी आणि सारण

हे काम दोन दिवसांत विभागलं की कटकट राहत नाही. आदल्या दिवशी सारण आणि पीठ, दुसऱ्या दिवशी लाटणं, सजवणं आणि भाजणं.

लेगपीस पातेल्यात घ्या, बुडतील एवढं म्हणजे साधारण लिटरभर पाणी घाला. अर्धा कांदा, गाजराची शेंडी, एक तमालपत्र, आठदहा मिरे आणि एक चमचा मीठ टाका. उकळी आली की वर आलेला फेस काढा, आच बारीक करा आणि अर्धवट झाकण ठेवून ३० ते ३५ मिनिटं शिजवा. पाणी खदखदता कामा नये, कडेने अधूनमधून बुडबुडा फुटला तरी पुरे. कुकर लावायचा मोह होईल, पण शिट्टीत शिजलेल्या कोंबडीचे धागे सुटतात आणि पायमध्ये तिचा भुगा होतो. हळदीकडे आणि आलं-लसणाच्या वाटणाकडे हात आपोआप जाईल, तोही आवरा. या पदार्थाची सगळी गंमत सौम्य, बटरी चवीत आहे. मसाला घातला की चिकनचा रस्सा आणि वर बिस्किट असं काहीतरी होतं. वाईट लागत नाही, पण पॉट पाय राहत नाही.

तुकडे काढून कोमट झाले की हाडं सोडवा आणि मांसाचे घासाएवढे तुकडे करा. पिंजून काढू नका. स्टॉक गाळून मोठ्या आचेवर ५०० मिलिलिटरपर्यंत आटवा. आटवलेल्या स्टॉकमध्ये मीठही दाट होतं, म्हणून सॉसमध्ये मीठ अगदी शेवटी, चाखूनच.

परदेशात राहणाऱ्यांना हा सगळा खटाटोप टाळता येतो. दुकानातलं रोटिसरी चिकन, म्हणजे भाजून तयार मिळणारी अख्खी कोंबडी, आणा, मांस सोडवा आणि उरलेला सांगाडा तासभर पाण्यात उकळा. स्टॉक छान होतो.

बटाटा आणि गाजर एक सेंटिमीटरच्या फोडी करून खारट पाण्यात सहासात मिनिटं उकळून निथळा. फोड सुरीने कापली जावी, पण कडक वाटावी. मटार फ्रोझन असतील तर शिजवूच नका, तसेच घाला. ताजे असतील तर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं.

आता सॉस. जाड बुडाच्या कढईत बटर वितळवा, बारीक चिरलेला कांदा आणि सेलरी घालून मऊ होईपर्यंत परता. रंग बदलू देऊ नका. मैदा घाला आणि मंद आचेवर दोन-तीन मिनिटं हलवत राहा. मैद्याचा प्रत्येक कण बटरमध्ये माखला की मग पाण्यात त्याच्या गुठळ्या होत नाहीत, सगळी मेख तिथेच आहे. कच्च्या पिठाचा वास जाऊन भाजल्याचा वास आला की गरम स्टॉक ओता, पण पळीपळीने. पहिल्या पळीला कढईत एकदम घट्ट गोळा होईल. घाबरू नका, ढवळत राहा, तिसऱ्या-चौथ्या पळीला तो सैल होऊन चकचकीत दिसू लागतो. सगळा स्टॉक गेला की दूध घाला आणि पाचसहा मिनिटं हलक्या उकळीवर ठेवा. मैद्यातला स्टार्च उकळीच्या जवळ गेल्यावरच पुरता फुगतो, त्यामुळे लवकर गॅस बंद केलात तर सॉस पातळही राहील आणि कच्चटही लागेल. चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोट ओढा. रेघ तशीच राहिली पाहिजे, कडेचा सॉस तिच्यात वाहून येता कामा नये.

मिरी, मोहरी, जायफळ, थाईम घाला, कोंबडी आणि भाज्या मिसळा, मीठ चाखा. शेवटी अर्ध्या लिंबाचा रस पिळा. एवढ्या बटरला थोडी आंबट टोचणी लागतेच.

सारण आता भांड्यात ओता. तासाभरात त्याची वाफ गेली की झाकून फ्रिजमध्ये ठेवा, रात्रभर. गरम सारणावर पारी ठेवली तर ओव्हनमध्ये जाण्याआधीच तिच्यातलं बटर वितळतं, पापुद्रे सुटत नाहीत.

पीठ: हात कमी, गारवा जास्त

बटरमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पिठात बटरचे गार, सपाट तुकडे राहिले तर ओव्हनच्या उष्णतेने ते वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पिठाचे थर एकमेकांपासून उचलते. करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो, तेव्हा ते पिठात पार मुरतं आणि पारी खुसखुशीत होते. इथे बटर मुरूच द्यायचं नाही. करंजीचा हात सरावाचा असेल तर हे मुद्दाम लक्षात ठेवावं लागतं.

मुंबई, नागपूरच्या उन्हाळ्यात बटर हातात घेईपर्यंत लोणी होतं. त्यावर उपाय म्हणजे बटरची वडी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि जाड किसणीवर सरळ मैद्यात किसा. मैद्याची परातही आधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये असू द्या. कीस पिठात बोटांच्या टोकांनी हलकेच मिसळा, तळवे लावू नका, तळवा गरम असतो. मटारच्या दाण्याएवढे बटरचे तुकडे इथेतिथे दिसायलाच हवेत.

बर्फाच्या पाण्यात व्हिनेगर घालून ते चमच्याचमच्याने शिंपडा. मुठीत दाबल्यावर मुटका होऊन टिकला की थांबा. पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही, मळलं की ग्लूटेन, म्हणजे मैद्यातलं चिवट प्रथिन, ताणलं जातं, झाकण भाजताना आकसतं आणि चिवट होतं. गोळा ओबडधोबड, भेगाळलेला दिसेल. दिसू द्या. चपटा करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून निदान तासभर, शक्यतो रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा.

अगदीच वेळ नसेल तर सुपरमार्केटच्या फ्रीझरमधली तयार पफ पेस्ट्री शीट आणा. झाकणासाठी ती उत्तम चालते, फक्त ती फुगते फार, त्यामुळे तिच्यावर नाजूक नक्षी टिकत नाही. चेहरे-बिहरे काढायचे असतील तर घरचंच पीठ बरं.

झाकणावरचा दंगा

दुसऱ्या दिवशी गोळा बाहेर काढा, दहा मिनिटं थांबा आणि लाटा. पोळपाट इथे अपुरा पडतो, कारण झाकण २७-२८ सेंटिमीटरचं हवं. ओटा पुसून कोरडा करा, दोन जाड प्लास्टिकच्या कागदांमध्ये गोळा ठेवा आणि वरून लाटा. मधे फुगीर असलेल्या लाटण्याने पारी मधे पातळ आणि कडेला जाड होते, सरळ लाटणं असेल तर ते घ्या, नाहीतर काचेची बाटली. जाडी तीन-चार मिलिमीटर. मधेच पीठ चिकटायला लागलं तर मैदा भुरभुरू नका, प्लास्टिकसकट ताटात ठेवून पाच मिनिटं फ्रीझरमध्ये सरकवा.

भांड्याच्या काठाला अंडं फासा, झाकण पसरा, कडेला दोन सेंटिमीटर लोंबू द्या, बाकीचं कापून घ्या. लोंबतं पीठ आत वळवून काठावर दाबा. इथे मराठी घराची बाजू भक्कम. करंजीला घालतो तशी मुरड घाला, सारण कुठूनही बाहेर येणार नाही. मुरड जमत नसेल तर काट्याने दाबा. कातणाने कापलेल्या पट्ट्या विणून जाळीही करता येते, पण ती वेळ खाते आणि तोवर पीठ मऊ पडतं.

आता पोरांना बोलवा. हात धुऊन.

वाफ जायला झाकणाला भोकं लागतातच, मग ती भोकं म्हणजेच डोळे, तोंड, नाकपुड्या. एकूण मिळून दोन-तीन सेंटिमीटरच्या चारपाच चिरा पुरतात. उरलेल्या पिठाची पानं, चांदण्या, मासे, डायनोसॉर कापा आणि मागे अंडं लावून चिकटवा. इंग्लंडमध्ये खाऱ्या पायला अशी पानं लावायची आणि गोड पाय साधा ठेवायचा, म्हणजे न कापता ओळखू येतो, असा जुना रिवाज आहे. माझ्या भाचीने एकदा मांजर केली होती. कान आणि शेपूट सोन्यासारखे भाजून निघाले, पण पिठाच्या बारीक वळवट्यांच्या मिशा पंधरा मिनिटांत काळ्या ठिक्कर. चिकटवलेली नक्षी झाकणाएवढीच जाड ठेवावी. मिशांसारख्या बारीक रेघा हव्या असतील तर सुरीच्या टोकाने हलके ओरखडे काढा, अंड्याच्या थराखाली त्या छान उठून दिसतात.

रंगही भरता येतात. एक पिवळा बलक घ्या, त्याचे दोन भाग करा. एकात चिमूटभर कोको कालवला की तपकिरी रंग होतो, दुसरा तसाच सोनेरी. बीटचा रस मात्र नको, कच्चा असताना झोकात दिसतो आणि ओव्हनमध्ये मळकट तपकिरी होतो.

कॉर्नवॉलची आद्याक्षरं इथे कामी येतात. ज्याला मटार चालत नाहीत त्याच्या बाजूचं सारण आदल्या दिवशीच मटाराविना भरा आणि झाकणावर त्या भागात त्याचं अक्षर लावा. पान वाढताना भांडण होत नाही. दुसरा खेळ असा की झाकण पसरण्याआधीच लाव्याचं एक उकडलेलं अंडं सोलून सारणात कुठेतरी खुपसा. ज्याच्या पानात ते येईल त्याच्यावर राज्य, भांडी त्याने घासायची. नाणं, मणी, खेळण्यातला तुकडा असं न खाण्याजोगं काही आत लपवू नका, गरम सॉसमध्ये ते दिसत नाही आणि घशात अडकतं.

सजावट झाली की भांडं पंधरा मिनिटं परत फ्रिजमध्ये. एवढ्या हाताळणीनंतर बटर मऊ पडलेलं असतं.

भाजणं

ओव्हन वरखाली दोन्ही कॉइल लावून २०० अंशांवर किमान वीस मिनिटं तापवा. पंखा चालू असेल तर १८० पुरे. ओटीजीचा दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं मानू नका, पहिल्यांदा दिवा विझतो तेव्हा भिंती अजून कोमटच असतात. तळाच्या जवळच्या जाळीवर एक धातूचा ट्रे आधीच ठेवा. पाय त्या तापलेल्या ट्रेवर ठेवायचा, म्हणजे खालून उष्णता लागते आणि उतू गेलेला सॉस कॉइलवर पडून जळत नाही.

मात्र भांडं काचेचं असेल तर फ्रिजमधून सरळ तापल्या ट्रेवर ठेवू नका, तडकू शकतं. काचेला खोलीच्या तापमानाला अर्धा तास द्या आणि तिच्याखाली ट्रेही गार ठेवा. स्टील किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्याला हा ताप नाही, म्हणून माझी पसंती त्यांनाच.

अंड्यात चमचाभर दूध फेटून झाकणावर ब्रशने पातळ फासा. चिरांमध्ये अंडं साचू देऊ नका, त्या बुजतात. ४५ ते ५० मिनिटं भाजा. तिसाव्या मिनिटाला एकदा डोकवा. नक्षी झाकणाच्या आधी रंगते, ती पुरेशी तांबूस झाली असेल तर तेवढ्या भागावर फॉइलचा तुकडा ठेवा. झाकण गडद सोनेरी हवं, फिकट पिवळं नको. बहुतेक घरचे पाय या एका भित्रेपणामुळे आत कच्चट राहतात. चिरांमधून सारण बुडबुडताना दिसलं, किंवा थर्मामीटर असेल तर मधे ७४ अंशांच्या वर आकडा गेला, की झालं.

ओव्हन नाही, एअर फ्रायर आहे? मग स्टीलच्या खोलगट वाट्यांमध्ये एकेकट्याचे पाय करा. १८० अंशांवर वीस मिनिटांनी झाकण बघा. यात प्रत्येक पोराला आपापलं झाकण मिळतं, हा मोठाच फायदा. कढईत मीठ तापवून केक होतो, पण झाकणाला वरून रंग यायला वरून धग लागते, तिथे ते जमत नाही.

कापणं आणि उरलेलं

बाहेर काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका. सॉस थोडा निवला की घट्ट होतो, तेव्हाच तुकडा ताटात उभा राहतो. लगेच कापलात तर झाकण एकीकडे आणि सारण सगळ्या ताटभर. शिवाय आतली वाफ बोटं पोळवण्याइतकी गरम असते, पहिला काप मोठ्यांनीच घ्यावा. सोबत काकडी-मुळ्याची कोशिंबीर किंवा नुसती लिंबू पिळलेली कोबीची पचडी पुरते. भात-पोळीची गरज नाही.

उरला तर फ्रिजमध्ये तीन दिवस राहतो. मायक्रोवेव्हमध्ये झाकण मऊ पडतं, त्यापेक्षा १८० अंशांवर वीस मिनिटं गरम करा. पुढच्या वेळेसाठी साठवायचा असेल तर न भाजलेला, सजवलेला पाय धातूच्या भांड्यात फ्रीझ करा, दोन महिने टिकतो. भाजायच्या आदल्या रात्री तो खाली फ्रिजमध्ये उतरवा, सकाळी अंडं फासा आणि नेहमीपेक्षा दहा मिनिटं जास्त भाजा. सजावटीतून उरलेले पिठाचे तुकडे एकावर एक रचून एकदाच लाटा, जिरं आणि जाडं मीठ भुरभुरून कातणाने काप करा आणि पाय निवत असताना त्याच तापल्या ओव्हनमध्ये बारा-पंधरा मिनिटं ठेवा. पोरं तोवर ताट वाजवत बसलेली असतात, त्यांच्या हातात काहीतरी पडलेलं बरं.